प्राणिक्रौर्य आणि धर्मपुरुषांचे उत्तरदायित्व

ऋषी, भिक्षू, पाद्री, पुजारी, घाडी (देवापुढे गाऱ्हाणे घालणारा गावचा मांत्रिक-पुजारी) किंवा अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येणारा मानकरी यांच्या शब्दाला धर्माच्या नावाने वजन येते. अशा व्यक्तींच्या हातून किंवा त्यांच्या सांगण्यावरून प्राण्याला झालेली पीडा, आणि त्या पीडेचा जाब त्यांनी कोणाला द्यायचा हा प्रश्न, असा या नोंदीचा विषय आहे. सामान्य माणसाने केलेल्या क्रौर्याला निदान क्रौर्य म्हटले जाते. धर्मपुरुषाच्या कृतीला मात्र विधी, लीला, परीक्षा किंवा नवसफेड अशी नावे मिळतात आणि मूळ कृत्य त्या नावाआड जाते.

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींच्या कथेत आढळते. चोरांनी आश्रमात लपवलेल्या मुद्देमालामुळे मौनव्रती मांडव्य पकडले गेले आणि राजाज्ञेने सुळावर चढवले गेले. ते मेले नाहीत. पण सूळ शरीरातून निघेना, तेव्हा तो कापावा लागला आणि आतील टोकामुळे त्यांना अणीमांडव्य हे नाव पडले. हे कोणत्या पापाचे फळ, असे त्यांनी पापपुण्याचा न्याय करणाऱ्या धर्म या देवाला विचारले असता, बालपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा दिल्याबद्दल मांडव्यांनी धर्मालाच शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप दिला आणि चौदा वर्षांच्या आतील कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. तोच धर्म पुढे विदुर झाला. गोव्यातील देवळांमध्ये मराठी कीर्तनांतून महाभारतातील आख्याने ऐकत आलेल्या श्रोत्याला विदुर चांगला ठाऊक असतो. त्याच्या जन्मामागचा किडा मात्र कथेच्या ओघात मागे राहतो. वास्तविक कथेचा कणा तोच आहे. किड्याच्या वेदनेची नोंद धर्माच्या दरबारी झाली आहे आणि ऋषिपदामुळे ती पुसली गेलेली नाही. मांडव्यही कृत्य नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप शिक्षेच्या प्रमाणाला आणि कर्त्याच्या वयाला आहे.

ख्रिस्ती परंपरेतील एक कथा याच्याजवळ ठेवून पाहण्यासारखी आहे. फ्रान्सिस्कन संन्यासी १५१७ मध्ये गोव्यात आले आणि जुने गोवे येथील त्यांचे असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च १६६१ मध्ये आजच्या रूपात उभे राहिले. पशुपक्ष्यांना भावंडे मानणाऱ्या या संताच्या ४ ऑक्टोबर या स्मरणदिनी जागतिक प्राणिदिनही पाळला जातो. मात्र याच संताचा सहकारी ब्रदर जुनिपर याच्याविषयी अशी आख्यायिका आहे, की एका आजारी बंधूला डुकराचा पाय खाण्याची इच्छा झाली, तेव्हा त्याने रानात चरणाऱ्या जिवंत डुकराचा पाय कापून आणला. मालक संतापून आला आणि फ्रान्सिसने जुनिपरला त्याची क्षमा मागायला पाठवले. मालकाचे मन द्रवले, त्याने ते डुक्कर मारून शिजवले आणि मठाला दान केले. कथा सांगणाऱ्यांच्या दृष्टीने हा भोळ्या भक्तीचा विजय होता. येथे जाब विचारला गेला खरा, पण तो मालमत्तेच्या नुकसानीचा. तीन पायांवर राहिलेल्या डुकराचे देणे कोणाच्याच हिशेबात धरलेले नाही.

बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांनी, हा प्रश्न दृष्टान्तावर न सोडता नियमात आणला. उदायी नावाचा भिक्षू कावळ्यांना बाणांनी मारून त्यांची मुंडकी सुळांवर लावत असे, या प्रसंगावरून जाणूनबुजून प्राणिहत्या करणे हा पाचित्तिय वर्गातील दोष ठरला. म्हणजे अपराधी भिक्षूने तो दुसऱ्या भिक्षूपुढे कबूल करायचा असतो. मनुष्यहत्येला संघातून कायमची हकालपट्टी आहे, तेव्हा दोहोंतील अंतर मोठे आहे. तथापि चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, हे येथे सुटकेचे कारण नसून दोष लागण्याचे कारण आहे, कारण नियम भिक्षूसाठीच आहे. संतचरित्रांतील पैठणच्या प्रसंगात हीच दिशा आणखी पुढे जाते. धर्माधिकाऱ्यांसमोर रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, असे सांगितले जाते. लोकांच्या लक्षात राहिला तो वेद बोलणारा रेडा. फटके मारण्याची परीक्षा धर्मसभेने घ्यावीच का, असे फारसे कोणी विचारले नाही.

गोव्यातील ग्रामदैवतांच्या आणि राखणदारांच्या (गावाचे रक्षण करणाऱ्या देवतांच्या) उपासनेत कोंबडा किंवा बकरा देण्याची चाल जुनी आहे. मुख्य गाभाऱ्यातील पूजा सात्त्विक राहते आणि रक्ताचा मान पुष्कळदा बाहेरच्या स्थळी दिला जातो. काही ठिकाणी आता कोहळा कापून किंवा नारळ फोडून तो भागवला जातो. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने या विधीची रचना लक्षणीय आहे. नवस यजमान बोलतो, गाऱ्हाणे दुसरा घालतो, देवाचा कौल मूर्तीला लावलेल्या पाकळीने मिळतो, अवसर आलेला मानकरी देवाची मागणी सांगतो आणि सुरी आणखी कोणी चालवतो. प्रत्येकाला पुढच्याकडे किंवा देवाकडे बोट दाखवता येते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाने मात्र ही वाट बंद केली आहे: अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा आठही जणांना तेथे घातक म्हटले आहे. त्याच अध्यायात यज्ञासाठी केलेला वध हा वधच नव्हे असेही विधान आहे, आणि बळीचे समर्थक व विरोधक आपापल्या सोयीचा श्लोक उचलतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यातही असाच दुहेरीपणा आहे. कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याची काळजी घ्यायची असते. तो भट आहे, पाद्री आहे की शेतकरी, याला महत्त्व नाही. कलम २८ मात्र एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राणी मारणे हा या कायद्याखाली अपराध ठरवत नाही. ही सूट मारण्यापुरती आहे. वधाआधी प्राण्याला उपाशी बांधून ठेवणे, पाय जखडून उलटे टांगून नेणे किंवा मारहाण करणे तिच्यात बसत नाही, ही गोष्ट चर्चेत बहुधा निसटते.

धर्माच्या अधिक सैल छायेत चालणारा प्रकार म्हणजे धिरयो, अर्थात बैलांच्या झुंजी. दक्षिण गोव्यातील सासष्टी व आसपासच्या भागांत चर्चच्या फेस्तांच्या, म्हणजे सणांच्या, निमित्ताने त्या भरत असत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गोव्यातील झुंजी बेकायदा ठरवल्या, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू या तामिळनाडूतील बैलांच्या खेळाच्या प्रकरणात प्राण्याच्या वेदनामुक्त जगण्याला घटनेचा आधार दिला. त्यानंतर तामिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक यांनी बैलांच्या अशा खेळांना मुभा देण्यासाठी या कायद्यात केलेल्या दुरुस्त्या मात्र त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवल्या, त्यामुळे धिरयोंना कायदेशीर करण्याची मागणी गोव्यात पुन्हा पुढे येत असते. या झुंजींचा आधार देवाज्ञा नसून उत्सवाची रीत आहे, म्हणून कलम २८ त्यांच्या मदतीला येत नाही. याच कायद्याच्या, क्रूरतेचे प्रकार सांगणाऱ्या कलम ११ खाली पहिल्या अपराधाला सांगितलेला दंड १० ते ५० रुपयांचा आहे.