पवित्र आत्म्याचा शिक्का

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक शिकवण. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देव आपला म्हणून मुद्रित करतो आणि ही मुद्रा म्हणजे त्याच्या अंतःकरणात वस्तीला आलेला पवित्र आत्मा, असा तिचा आशय आहे. शिक्का मारणारा देव. माणूस तो कमावत नाही. एवढ्यावर जवळजवळ सगळ्या मंडळ्यांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते तो कधी मारला जातो, कोणत्या विधीतून दिसतो आणि पुसला जाऊ शकतो का, यांवर.

शिकवणीचा मुख्य आधार नव्या करारातल्या तीन उताऱ्यांत आहे : इफिस १:१३-१४, इफिस ४:३० आणि २ करिंथ १:२१-२२. पहिल्यात क्रम स्पष्ट दिसतो. सत्याचे वचन ऐकले, विश्वास ठेवला, शिक्का मारला गेला. लगेच पुढे आत्म्याला ‘वतनाचा विसार’ म्हटले आहे. जमिनीच्या व्यवहारात विसार हा ठरलेल्या रकमेतलाच भाग असतो आणि उरलेली रक्कम देण्याचे बंधन तो देणाऱ्यावर घालतो. त्यामुळे आत्मा ही येणाऱ्या तारणाची नुसती खूण ठरत नाही, त्या तारणाचा आधीच हाती आलेला अंश ठरतो. करिंथच्या उताऱ्यात अभिषेक, शिक्का आणि विसार हे तिन्ही एकाच वाक्यात येतात. ते वेगवेगळ्या काळी मिळणारे तीन अनुभव आहेत, असे तिथे कुठेही सुचवलेले नाही.

प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातला शिक्का याच्याशी सरसकट जोडला जातो, ते सांभाळून करावे. तिथे १,४४,००० सेवकांच्या, म्हणजे बारा वंशांतून प्रत्येकी १२,००० जणांच्या, कपाळावर मुद्रा होते. तिचे मूळ यहेज्केल ९:४ मध्ये आहे आणि तिचा हेतू येणाऱ्या पीडांपासून राखणे हा आहे. तेराव्या अध्यायातली श्वापदाची खूण ही तिची उलट बाजू. बारकोड, लस किंवा ओळखपत्र म्हणजे तीच खूण, अशी भीती अधूनमधून पसरते. त्या अध्यायात ती खूण श्वापदाच्या उपासनेशी बांधलेली आहे. उपासनेचा संबंध तोडून तिचा अर्थ लावता येत नाही.

प्राचीन जगात शिक्क्याची कामे तीन : मालकी दाखवणे, अस्सलपणाची ग्वाही देणे आणि आतला ऐवज कोणी उघडू नये म्हणून तो बंद करणे. मराठी वाचकाला यासाठी दूर जायला नको. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. माथ्यावरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगते. मोर्तबाखाली नंतर कोणी ओळ घुसडली तर ती ग्राह्य नाही. हे साम्य एका जागी तोकडे पडते. कागदावर उमटते ती मुद्रेची छाप, मुद्रा दफ्तरातच राहते. इथे मात्र देणगी आणि देणारा वेगळे नाहीत. सतराव्या शतकातला प्युरिटन (इंग्लंडमधल्या सुधारणावादी प्रोटेस्टंट प्रवाहातला) धर्मशास्त्रज्ञ जॉन ओवेन याचा भर यावरच होता : आत्मा शिक्का मारून निघून जात नाही, तो स्वतःच शिक्का आहे.

शिक्का कधी मारला जातो हा वाद नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून उभा राहतो. शोमरोनात बाप्तिस्मा आधी झाला आणि पेत्र व योहान यांनी हात ठेवल्यावर आत्मा आला (अ. ८), रोमी शतपती कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी, पाणी नंतर (अ. १०). ओवेनचाच समकालीन थॉमस गुडविन याने शिक्का हा विश्वासानंतर येणारा, खात्री देणारा वेगळा अनुभव मानला. आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत त्याची सांगड पुष्कळदा आत्म्याच्या बाप्तिस्म्याशी, म्हणजे आत्म्याने भरून जाण्याच्या वेगळ्या अनुभवाशी, घातली जाते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनातल्या मुली-स्त्रियांमध्ये मोठी जागृती झाली. पापांची कबुली, अश्रू, तासन्‌तास प्रार्थना आणि पुढे अन्य भाषांत (न शिकलेल्या भाषांत) बोलणेही. रमाबाईंनी अन्य भाषा हे आत्म्याचे एक चिन्ह मानले, पण तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे हे मान्य केले नाही. इफिसच्या उताऱ्याशी त्यांची ही भूमिका अधिक जुळते, कारण तिथे शिक्का सर्व विश्वासणाऱ्यांना उद्देशून सांगितला आहे, त्यांतल्या निवडकांना नव्हे.

शिक्का टिकतो का, याचे उत्तर रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या शिकवणीची) परंपरा इफिस ४:३० मधल्या ‘मुक्तीच्या दिवसापर्यंत’ या शब्दांवर उभे करते : देवाने मुद्रित केलेला कायमचा हरवत नाही. मेथडिस्ट परंपरा माणूस विश्वासापासून फिरू शकतो असे मानते. कॅथलिक शिकवणीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा आत्म्याच्या दानाचा संस्कार) आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार माणसाच्या आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटवतात असे ठरवले. कृपा मात्र गंभीर पापाने गमावता येते. वाद घालताना इफिस ४:३० चा शेजार बहुधा विसरला जातो. त्या वचनाच्या मागेपुढे खोटे बोलू नका, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, चोरी करणाऱ्याने आता हातांनी कष्ट करून गरजूला द्यावे, तोंडून कुजके बोलणे निघू नये, अशा सूचना आहेत. आत्म्याला खिन्न करणारी गोष्ट म्हणून तिथे घरातले आणि मंडळीतले बोलणे-वागणे समोर येते. ज्याच्यावर शिक्का आहे त्यालाच हे सांगितले आहे, हे महत्त्वाचे.

शिक्क्याचा विधी सर्वांत उघड दिसतो तो दृढीकरणात. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतासह सर्व लॅटिन कॅथलिक चर्चमध्ये तो असा चालतो : प्रवचनानंतर उमेदवार स्नानसंस्काराच्या वचनांचा पुनरुच्चार करतात, बिशप सर्वांवर हात पसरून आत्म्याची सात दाने मागतात, मग धर्मपिता किंवा धर्ममाता उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवते आणि बिशप अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढतात. पवित्र आत्म्याच्या दानाचा शिक्का स्वीकार, या अर्थाचे शब्द नाव घेऊन म्हटले जातात, उत्तर ‘आमेन’. हे शब्द पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये पूर्वेकडील परंपरेवरून घेतले. तेल ऑलिव्हचे किंवा अन्य वनस्पतीचे, त्यात सुगंधी द्रव्य मिसळलेले. ते बिशपनेच, पवित्र गुरुवारी किंवा त्याच्या जवळच्या दिवशी, अभिमंत्रित केलेले असावे लागते. आजाऱ्यांच्या तेलाची कुपी चुकून हाती आली तर विधी वैध ठरत नाही. म्हणून दृढीकरणाच्या, आजाऱ्यांच्या आणि दीक्षार्थींच्या अशा तिन्ही तेलांच्या कुप्यांवर खुणा असतात आणि त्या आधी तपासून ठेवतात.

मलंकर सिरियन परंपरेत तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्यानंतर लगेच ‘मूरोन’ हे अभिमंत्रित सुगंधी तेल लावतात, आणि तेही कपाळापुरते नव्हे. अँग्लिकन परंपरेत, जिचे पुण्यातले ठळक ठिकाण गुरुवार पेठेतले पंचहौदाजवळचे पवित्र नाम देवालय आहे, बिशप डोक्यावर हात ठेवतात. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील विधीत तेल नाही. हे देवालय आता १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चचा भाग आहे.

दृढीकरण एकदाच होते, त्यामुळे नोंद चोख असणे गरजेचे. उमेदवाराने स्नानसंस्काराचा दाखला आणावा आणि त्यावरचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावे. फरक राहिला तर तो लग्नाच्या कागदपत्रांच्या वेळी नडतो. विधी दुसऱ्या धर्मग्रामात (चर्चच्या स्थानिक विभागात) झाला असेल तर स्नानसंस्कार जिथे झाला तिथल्या धर्मगुरूंना कळवून मूळ नोंदवहीत शेरा घालून घ्यावा लागतो. पंथ बदलणाऱ्यांबाबत कॅथलिक चर्च ऑर्थोडॉक्स अभिषेक ग्राह्य धरते आणि पुन्हा करत नाही. अँग्लिकन किंवा इतर प्रोटेस्टंट दृढीकरण झालेल्याला मात्र नव्याने दृढीकरण देते, पाण्याचा बाप्तिस्मा त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झाला असल्यास तो तसाच मान्य ठेवून.