कृत्रिम खडप (तेलफलाट व बुडालेली जहाजे)

समुद्रतळावर माणसाने उभारलेल्या किंवा बुडून राहिलेल्या बांधणीवर जीवसृष्टी वसली, की तिला कृत्रिम खडप म्हणतात. तेल व वायू काढणाऱ्या फलाटांचे पोलादी खांब हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. गोव्याच्या समुद्रात असे फलाट नाहीत. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमीवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. तिथल्या खांबांवर वाढणाऱ्या जीवांचा अभ्यास मात्र गोव्यातल्या, दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला.

चिखल-वाळूच्या तळावर चिकटून जगणाऱ्या जीवांना टेकायला जागाच नसते. खांब पाण्यात उतरला की आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग बार्नेकल, म्हणजे कवचातले चिकटून राहणारे छोटे जीव, येतात. लाटांच्या माऱ्यात, पृष्ठभागाजवळ, शिणाणे (दोन शिंपांचे खाद्य शिंपले) दाटी करतात. गोवेकर ओहोटीला खडपावरून खरवडून काढतात तेच. प्रत्येक शिणाणा चिवट धाग्यांच्या झुपक्याने पोलाद धरून बसतो आणि दोन शिंपल्यांमधल्या फटीत बारीक खेकडे राहतात. खोल गेले की स्पंज, समुद्रफुले, मऊ प्रवाळ. सुटलेल्या शिंपल्यांचा ढीग पायथ्याशी साचतो, तिथे गोबरे मासे दबा धरतात.

गोव्यात हे पाहायचे तर वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाभोवतालची बुडालेली जहाजे पाहावीत, तीही पावसाळा सोडून; पावसात मांडवी-झुआरीचा गाळ पाणी गढूळ करतो. पण रुतलेले प्रत्येक जहाज खडप होत नाही. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याला लागलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ उथळ पाण्यात दहा वर्षांहून अधिक काळ पडून होते. त्याची आठवण निघते ती किनाऱ्याच्या धुपीसाठी.

असे खडप मासळी वाढवते, की आसपासची नुसती गोळा करते, हा जुना वाद आहे. कॅलिफोर्नियातील फलाटांवरच्या २०१४ च्या अभ्यासात मत्स्योत्पादन जगातल्या उत्तम अधिवासांच्या तोडीचे आढळले. निकामी फलाट समुद्रातच ठेवून त्याचे खडप करण्याची योजना अमेरिकेत लुइझियानाने १९८६ मध्ये स्वीकारली. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी १९९८ मध्ये फलाट टाकून देण्यास सर्वसाधारण बंदी घातली. मुंबई हायच्या प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचा सुरक्षापट्टा असतो, तिथे ट्रॉलरला मज्जाव आहे. तिथल्या मासळीचे श्रेय पोलादाइतकेच या मज्जावालाही दिले पाहिजे. बुडालेल्या जहाजाला असा पट्टा आपोआप मिळत नाही. त्याच्या गंजक्या कठड्यात अडकून तुटलेले नायलॉनचे जाळे मागे राहते आणि धनी नसतानाही तांबसे मासे पकडत राहते.