लाईन आणि बॉलच्या मधे गवत दिसलं म्हणजे बॉल बाहेर?

फुटबॉलच्या प्रत्येक मोठ्या इंटरनॅशनल मॅचनंतर एक फोटो फिरतोच, त्यात लाल गोल केलेला असतो, लाईन आणि बॉलच्या मधे हिरवं गवत दिसतंय आणि खाली लिहिलेलं की बॉल बाहेर होता, रेफ्रीने ढापलं. फोटो बघून कोणालाही तसंच वाटेल, पण नियम वेगळा आहे.

पूर्ण बॉलने पूर्ण लाईन ओलांडली तरच तो बाहेर, मग जमिनीवर असो की हवेत. गोललाही हाच नियम. आता गंमत अशी की बॉल गोल असतो, तो जमिनीला टेकतो ते मधल्या एवढ्याशा जागी. बॉलचा परीघ ६८ ते ७० सेंमी, म्हणजे रुंदी साधारण २२ सेंमी, त्यामुळे टेकलेली जागा लाईनच्या बाहेरच्या कडेपासून १० सेंमी लांब असली तरी बॉलचा फुगलेला भाग वरून लाईनवर येतोच, आणि तेवढं पुरेसं आहे, बॉल आतच धरतात.

घरी करून बघा ना. फरशीवर टेप लावा, बॉल असा ठेवा की त्याची टेकलेली जागा बाहेरच्या कडेपासून ७-८ सेंमी लांब येईल. टेपच्या बाजूने खाली वाकून फोटो काढला तर मधे चक्क फरशी दिसते, बॉल बाहेरच वाटतो. मग टेपच्या बाहेरच्या कडेवर पट्टी सरळ उभी धरून कडेकडेनेच बॉलकडे सरकवत न्या, ती बॉलला अडते. म्हणून असा निर्णय तपासायचा तर कॅमेरा लाईनच्या अगदी रेषेत किंवा बरोब्बर वर हवा, तिरक्या फोटोवरून रेफ्रीला चोर ठरवणं खरंच अन्याय आहे.