भूगोलाचं पाठटाचण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : अर्ध्या शतकाची पार्श्वभूमी

गेल्या दोन-तीन वर्षांत एआयकडून करून घेतलेली पाठटाचणं, म्हणजे तासिकेची लेखी नियोजनं, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सर्रास फिरू लागली आहेत. इयत्ता, घटक आणि तासिकेची वेळ लिहायची, की अध्ययन निष्पत्तींपासून गृहपाठापर्यंत सगळं मिनिटभरात समोर. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा ३० नोव्हेंबर २०२२ पासून, म्हणजे चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं त्या दिवसापासून सुरू होते. भूगोलापुरती तरी ही सुरुवात फार उशिराची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने शिकवण्याचा पहिला गंभीर प्रयोग म्हणून जो ओळखला जातो तो भूगोलावरच झाला होता, आणि त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. तो इतिहास आज मुद्दाम आठवायला हवा, कारण तेव्हाचे संशोधक यंत्राकडून जे करून घेऊ पाहत होते ते भूगोलाच्या शिक्षकाला आजच्या तयार टाचणापेक्षा अधिक उपयोगी आहे.

१९७० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या संशोधन कंपनीत काम करणाऱ्या हाइमे कार्बोनेल यांनी ‘स्कॉलर’ नावाचा प्रोग्रॅम मांडला. विषय होता दक्षिण अमेरिकेचा भूगोल. त्याआधीची संगणकीय शिकवणी ठरावीक चौकटींची असे : एक परिच्छेद, एक प्रश्न, उत्तर चुकलं तर आधीच लिहून ठेवलेली सूचना. कार्बोनेल यांनी या चौकटी बाजूला ठेवल्या आणि देश, राजधान्या, नद्या, हवामान, अक्षांश हे सगळं एकमेकांना जोडलेल्या माहितीच्या जाळ्यात गुंफलं. ब्यूनस आयर्स अर्जेंटिनात आहे आणि अर्जेंटिना दक्षिण अमेरिकेत आहे, तेव्हा ब्यूनस आयर्स दक्षिण अमेरिकेत आहे, हे ‘स्कॉलर’ला कुणी वेगळं सांगावं लागत नसे, ते त्यालाच काढता येई. संवाद दोन्ही बाजूंनी चाले. यंत्र विद्यार्थ्याला प्रश्न विचारी आणि विद्यार्थी मध्येच थांबवून यंत्राला उलटा प्रश्न करू शके.

कार्बोनेल १९७३ मध्ये गेले. त्यांचे सहकारी ॲलन कॉलिन्स यांनी काम पुढे नेलं. त्यांनी आणि त्यांच्या गटाने एक अवघड प्रश्न हाती घेतला : माहिती अपुरी असताना यंत्राने काय उत्तर द्यावं? ‘नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ यांतला फरक त्याने कसा ओळखावा? एखाद्या देशात अमुक पीक होत असल्याची नोंद जाळ्यात नाही, म्हणून ते तिथे होतच नाही असं म्हणायचं का? चांगला शिक्षक इथे हवामान, पाणी, जमीन पाहून अंदाज करतो आणि तो अंदाज आहे हे सांगतोही. यंत्रालाही तसंच करता यावं, असा त्यांचा प्रयत्न होता. आजच्या एआयची सर्वांत मोठी अडचण नेमकी हीच आहे, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. याच गटाने पुढे नकाशा पडद्यावर आणून त्यावर प्रश्नोत्तरं करण्याचाही प्रयोग केला आणि स्थिर नकाशा पाहून शिकण्याशी त्याची तुलना केली.

१९७७ च्या सुमारास कॉलिन्स आणि ॲल्बर्ट स्टीव्हन्स यांनी ‘व्हाय’ हा प्रोग्रॅम मांडला. त्याचा विषय होता पाऊस का पडतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनमध्ये इतका पाऊस का, तिथल्या डोंगरांचा त्याच्याशी संबंध काय, समुद्रावरच्या बाष्पाचं काय होतं, अशा प्रश्नांतून विद्यार्थ्याला पुढे न्यायचं. त्यासाठी त्यांनी अनुभवी शिक्षकांचे संवाद तपासले आणि हे शिक्षक कोणत्या क्षणी कोणता प्रश्न टाकतात याचे नियम काढले. मुलाने एकच कारण सांगितलं, तर ते कारण असूनही परिणाम दिसत नाही अशी जागा त्याच्यापुढे ठेवायची. मुलाने घाईने सरसकट नियम केला, तर त्याला छेद देणारं उदाहरण द्यायचं. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना भूगोल शिकवणाऱ्या कुणालाही हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे पाठाच्या नियोजनाची परंपरा वेगळ्याच वाटेने आली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांतून त्यांच्या शिष्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसवल्या. त्या इंग्रजी अध्यापक विद्यालयांमार्फत आपल्यापर्यंत पोहोचल्या आणि ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून रुजल्या : प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. १९५६ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण आलं आणि टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने आले. ब्लूम स्वतः त्या दशकाच्या अखेरीस परीक्षासुधारणेच्या कामासाठी भारतात आले होते. पुढे सूक्ष्म अध्यापन (एकेका अध्यापन कौशल्याचा छोट्या पाठातून सराव) आलं, ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार) आला, अध्ययन निष्पत्ती (पाठानंतर मुलाला काय यायला हवं) आल्या. प्रत्येक लाटेने टाचणवहीत रकाने वाढवले, पण जुने काढले क्वचितच. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण असा लेखनाचा भार शिक्षकावर चढत गेला. टाचण मुलांसाठी लिहायचं की तपासणीसाठी, हा प्रश्न त्या काळापासूनच आहे. एआयचं इतकं मनापासून स्वागत का झालं, हे या ओझ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

भूगोलाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पाठ्यपुस्तक राज्यभर एक आणि जमीन मात्र दर पन्नास किलोमीटरला वेगळी. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली तेव्हापासून ही ओढाताण पुस्तकांत दिसते. तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं स्वतंत्र पुस्तक देणं हा त्यावरचा एक चांगला तोडगा. जवळून दूरकडे, म्हणजे गाव, जिल्हा, राज्य, देश, जग असा क्रम हा दुसरा. पण माध्यमिक इयत्तांत पुस्तक एकच असतं, आणि पुस्तकातला वारा, माती, पीक आपल्या शिवाराला जोडून देण्याचं काम शिक्षकावर येतं. अनेक शाळांत भूगोलाचा तास इतिहास किंवा भाषेची पदवी घेतलेल्या शिक्षकाकडे असतो, त्याच्यासाठी हे काम अधिकच कठीण. दहावीला भूगोल ४० गुणांचा, तोही सामाजिक शास्त्रांचा एक भाग म्हणून. तासिका कमी आणि तयारीला वेळ त्याहून कमी.

ही कमतरता भरून काढायला साधनं येत राहिली. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम घराघरांत, शाळाशाळांत पोहोचले. २०१७ मध्ये ती बंद झाली, याची हळहळ अजून वाटते. २००५ मध्ये गूगल अर्थ आलं, २००९ मध्ये इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ आलं. शाळेच्या छपरापासून तालुक्यातल्या धरणापर्यंत सगळं उपग्रहाच्या नजरेने वर्गात दाखवता येऊ लागलं. माझ्या मते वर्गातल्या भूगोलासाठी या शतकातला सर्वांत मोठा बदल तोच होता, एआय त्यानंतर येतं. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं सरकारी डिजिटल व्यासपीठ आलं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. त्या कल्पनेमागे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं काम होतं, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्याच वर्षी कोरोनामुळे दहावीचा भूगोलाचा मार्चमधला पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. पुढच्या ऑनलाइन वर्गांनी एरवी संगणकापासून दूर राहणाऱ्या शिक्षकांनाही पीडीएफ, लिंक आणि गूगल मीटची सवय लावली. एआयसाठी जमीन अशी तयार झाली होती.

२०२३ पासून खास शिक्षकांसाठीची एआय साधनं येऊ लागली. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने शिक्षणा फाउंडेशनच्या सोबतीने कर्नाटकात ‘शिक्षा कोपायलट’ची चाचणी सुरू केली. हे साधन राज्याच्या पाठ्यपुस्तकांच्या आधारे पाठनियोजन करतं, कन्नडमध्येही. इंग्लंडमध्ये ओक नॅशनल ॲकॅडमीने २०२४ मध्ये ‘आयला’ हे पाठनियोजनाचं साधन आणलं, तेही तिथल्या अभ्यासक्रमाला आणि आधीच तपासलेल्या पाठांना धरून चालतं. दोन्हींतला समान धागा महत्त्वाचा आहे : यंत्राला मोकळं सोडायचं नाही, नेमून दिलेल्या मजकुरातून उत्तर द्यायला लावायचं. मराठी शिक्षक सध्या जी मोफत साधनं वापरतात ती बहुतांशी तशी नाहीत. चॅटजीपीटी, जेमिनी यांना मराठी चांगली लिहिता येते, पण बालभारतीच्या कोणत्या पुस्तकात कोणता घटक कुठवर आहे हे त्यांना खात्रीने ठाऊक असेल असं धरून चालता येत नाही. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ किंवा त्या पानांचा फोटो सोबत दिला की उत्तरात लगेच फरक पडतो. हा साधा उपाय अजून पुरेसा वापरला जात नाही.

‘स्कॉलर’कडे तपासलेल्या माहितीचं जाळं होतं. आजची एआय प्रारूपं (मॉडेल्स) अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता यावा ते ठरवतात. म्हणून त्यांची भाषा ओघवती असते, आणि ठाऊक नसलेली गोष्टही ती त्याच ओघात सांगून जातात. भूगोलात याचा फटका काही ठरावीक जागी बसतो. पालघर २०१४ मध्ये झाला आणि राज्याचे जिल्हे ३६ झाले. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या मजकुरावर शिकलेलं यंत्र यांत घोळ करू शकतं. पर्जन्याचे आणि लोकसंख्येचे आकडे तर मुळीच तपासल्याशिवाय घेऊ नयेत. नकाशाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. चित्र काढणारं एआय नकाशासारखं दिसणारं चित्र काढतं. त्यात किनारा भलतीकडे वळतो, सीमा सरकते. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नसलेला नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. वर्गासाठी नकाशा हवा असेल तर तो सर्वेक्षण विभागाचा, बालभारतीचा किंवा ‘भुवन’वरचा घ्यावा.

आता एकच घटक जवळून पाहू : प्रतिरोध पर्जन्य, म्हणजे बाष्पयुक्त वाऱ्यांना डोंगर अडवतात तेव्हा पडणारा पाऊस. एआयला नुसतं ‘नववीसाठी टाचण दे’ म्हटलं, तर व्याख्या, आकृती, गटकार्य, पाच प्रश्न असा कुठल्याही शाळेला चालेल असा आराखडा मिळतो. सातारा जिल्ह्यातल्या शिक्षकाकडे मात्र या घटकाची जिवंत प्रयोगशाळा आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहाशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पन्नास सेंटिमीटरच्या आसपास. त्याच साधनाला असं सांगून पाहावं : ‘तू माण तालुक्यातल्या दहिवडीचा नववीतला मुलगा आहेस. ढग डोंगराला आपटतात म्हणून पाऊस पडतो, असं तुला वाटतं. मी प्रश्न विचारतो, तू त्या समजुतीनेच उत्तरं दे, आणि माझ्या प्रश्नामुळे समजूत खरोखर हलली तरच ती सोड.’ ढग आपटण्याची ही समजूत वर्गावर्गांत भेटते. आता शिक्षकाला प्रश्न शोधावे लागतात. ढग आपटूनच पाऊस पडत असेल, तर उन्हाळ्यातले ढगही याच डोंगरांवरून जातात, तेव्हा असा पाऊस का पडत नाही? डोंगर चढताना हवेचं तापमान वाढतं की कमी होतं? दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होत असेल, तर वर गेलेल्या हवेतल्या बाष्पाचं काय होईल? आणि तीच हवा वाईच्या बाजूला खाली उतरू लागली की? पंधरा मिनिटं असा सराव केला की कोणता प्रश्न मुलाला हलवतो आणि कोणता त्याच्या डोक्यावरून जातो हे कळतं. टाचणवहीत हेच चार प्रश्न उतरवले की पंचपदीतलं तुलना आणि सामान्यीकरण आपोआप साधतं. कॉलिन्स आणि स्टीव्हन्स यांनी ओरेगनच्या पावसावर जे केलं तेच हे, फक्त इथे शिकाऊ भूमिका यंत्राकडे आहे.

दहावीच्या सध्याच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, म्हणजे ‘स्कॉलर’चा दक्षिण अमेरिका खंड आज आपल्याच वर्गात आहे. त्या पुस्तकाचा पहिला पाठ क्षेत्रभेटीचा, नळदुर्ग ते अलिबाग असा. प्रत्यक्षात फार थोड्या शाळांना तेवढा प्रवास परवडतो. अशा वेळी आपल्या गावापासून अर्ध्या दिवसात होईल असा मार्ग शिक्षकाने ठरवावा, ‘भुवन’वर तो पाहून घ्यावा आणि एआयकडून त्या मार्गावरच्या थांब्यांसाठी प्रश्नावली मागावी : विहिरीची पाणीपातळी, मातीचा रंग, पिकं, आठवडी बाजारात माल कुठून येतो. मिळालेल्या यादीतले निम्मे प्रश्न खोडावे लागतील, कारण विहिरीला यंदा पाणी किती खोल आहे हे ज्याने पाहिलंय त्यालाच कोणता प्रश्न विचारण्यासारखा आहे ते ठाऊक असतं. उरलेली यादी क्षेत्रभेटीच्या आदल्या दिवशी मुलांकडून वहीत उतरवून घ्यावी आणि शेवटी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, मुलांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी.