आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

घरी छोटा सर्व्हर चालवणारा माणूस बॅकअपसाठी नॅस घ्यायला निघाला की त्याचा पहिला प्रश्न खणांचा असतो. टू-बे घेऊ की फोर-बे? मग प्रोसेसर, मग रॅम. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी: आत दोन-चार हार्ड डिस्क, त्यांना सांभाळणारा लहानसा संगणक आणि मागे नेटवर्कची केबल. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते नंतरचे आहेत. बॅकअपच्या पेटीबद्दल आधी विचारायचं ते असं: उद्या सर्व्हरमध्ये कुणी घुसलं, किंवा रात्री एक वाजता मीच झोपेत चुकीची कमांड दिली, तर या पेटीतली प्रत वाचेल का?

या प्रश्नावर बहुतेक जण 'रेड आहे ना!' असं उत्तर देतात. घोळ इथूनच सुरू होतो.

१९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी छोट्या संगणकांच्या स्वस्त डिस्क एकत्र बांधून वापरायच्या, ही त्यातली कल्पना. तिचंच नाव 'रेड'. अडचण उघड होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून काही जागा राखीव ठेवून तीवर इतर डिस्कची आठवण साठवायची. 'रेड'मधला 'आय' मुळात स्वस्त या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा. पुढे उद्योगाने त्या जागी 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द बसवला. विकणाऱ्याला 'स्वस्त' कसं परवडणार!

ही आठवण साठवायची युक्ती कागदावर करून बघण्यासारखी आहे. तीन डिस्क घ्या. पहिलीवर १, दुसरीवर ०. तिसरीवर असा अंक लिहा की एकूण १ची संख्या सम होईल, म्हणजे इथे १. आता दुसरी डिस्क जळाली. उरले १ आणि १. सम संख्या राखायची तर हरवलेला अंक ० असलाच पाहिजे. याला पॅरिटी म्हणतात. अब्जावधी बिटांसाठी हीच बेरीज पुन्हा पुन्हा करून अख्खी डिस्क परत उभी राहते. दोनच खण असतील तर इतकंही गणित लागत नाही. एका डिस्कचा आरसा दुसरीवर.

पण आरशासमोर दाढी काढली की आरशातल्या माणसाचीही जाते. फाइल पुसली, ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली गेली. रेड फक्त डिस्क मेल्यावर काम थांबू देत नाही, एवढाच त्याचा धर्म. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइली पासवर्ड घातलेल्या कप्प्यांत कोंबल्या. त्याच वर्षी जूनमध्ये, इंटरनेटला जोडलेल्या आणि कधीच अपडेट बंद झालेल्या माय बुक लाइव्ह पेट्या जगभर बाहेरूनच कोऱ्या केल्या गेल्या. दोन्ही वेळा डिस्क ठणठणीत होत्या.

म्हणून निवडीचा पहिला निकष: पेटी स्वतः बॅकअप ओढून घेऊ शकते का?

सर्वसाधारण मांडणी याच्या उलट असते. नॅसवरचं फोल्डर सर्व्हरला माउंट करून, म्हणजे त्याचंच असल्यासारखं जोडून देतात आणि सर्व्हर रोज त्यात प्रत ढकलतो. सोय उत्तम, पण नॅसच्या किल्ल्या सर्व्हरच्या खिशात. सर्व्हरमध्ये शिरलेल्याला ते फोल्डर इतर फोल्डरांसारखंच दिसतं. उलट बाजूने बघा: नॅस ठरल्या वेळी स्वतः सर्व्हरकडे जाते, फक्त वाचण्यापुरत्या परवानगीने आत शिरते, बदललेलं घेऊन परत येते. सर्व्हरला नॅसचा पासवर्ड माहीतच नाही. अशी पेटी रात्री तासभर जागी होऊन पुन्हा बंदही होऊ शकते. ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद होण्याची सोय अनेक मॉडेलांत असते. बंद पेटीवर दुरून हल्ला होत नाही, आणि वीजही वाचते. २० वॅट खाणारी पेटी वर्षभर अखंड चालली तर १७५ युनिट होतात.

पण नॅसने ओढून आणलेलीच प्रत बिघडलेली असेल तर? इथे दुसरा निकष येतो, स्नॅपशॉट. नेहमीच्या पद्धतीत जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला जातो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्था, तसं करत नाहीत. बदललेलं पान कोऱ्या जागी लिहितात आणि शेवटी फक्त अनुक्रमणिका बदलतात. स्नॅपशॉट घेणं म्हणजे जुनी अनुक्रमणिका फेकायची नाही, इतकंच. त्यामुळे तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच खात नाही. रोजचे सात, आठवड्याचे चार, महिन्याचे सहा असे ठेवले की पंधरा दिवसांनी लक्षात आलेली चूकही मागे जाऊन काढता येते. खंडणीखोराने सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या तर सगळीच पानं नवी होतात आणि स्नॅपशॉटची जागा एका रात्रीत फुगते. त्या फुगवट्यावर इशारा लावून ठेवावा. डिस्क घेताना डेटाच्या दुप्पट तरी जागा धरायची ती याच कारणाने.

याच फाइल सिस्टिमचा आणखी एक गुण मला जास्त मोलाचा वाटतो. कधीकधी डिस्क चुकीचे बिट देते आणि देताना चेहऱ्यावर रेषही हलू देत नाही. साध्या आरशात दोन प्रतींमध्ये फरक निघाला, तर खरी कोणती हे ठरवायला काही साधन नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ साली झेडएफएसचं काम सुरू केलं. त्यात प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे गणिती ठसा, तुकड्यापासून वेगळा ठेवला जातो. वाचताना ठसा जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची बरोबर प्रत आणून पहिली दुरुस्त होते. महिन्याकाठी सगळी डिस्क अशी तपासण्याला स्क्रब म्हणतात. ज्या पेटीत चेकसम नाही आणि स्क्रब नाही, ती बॅकअपसाठी मी घेणार नाही, प्रोसेसर कितीही दणकट असो.

प्रोसेसरवरचे पैसे डिस्ककडे वळवावेत. तिथे एक सापळा आहे. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्याने जागा वाढते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळच उचलावी लागते. थोडं थोडं लिहिताना हे जाणवत नाही. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून ती भरायला घेतली की मात्र लेखन रखडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या प्रकारच्या निघाल्या, तेव्हा ग्राहक भडकले होते. सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, असं स्पष्ट लिहिलेली डिस्कच घ्यावी.

पुनर्भरणाचा हिशोब आधीच करून बघावा. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटने भरायला सुमारे १५ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कनी अखंड वाचून द्यायचं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक धरलेली असते, म्हणजे १२.५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण मोठ्या डिस्क आणि एकच पॅरिटी हा जुगार आहे. घरच्या बॅकअपला दोन मोठ्या डिस्कचा आरसा पुरतो. चार खणांचा मोह मला तरी पटत नाही.

नेटवर्कच्या वेगाची फार चिंता नको. गिगाबिट केबलवरून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात, म्हणजे ४ टेराबाइटचा पहिला बॅकअप साधारण १० तासांचा. त्यानंतर फक्त बदल जातात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेलं आरसिंक हे प्रती काढायचं साधन फाइलचे तुकडे ठशांवरून जुळवून फक्त वेगळे तुकडे पाठवतं. डेटाबेसचं मात्र निराळं आहे. चालू डेटाबेसच्या फाइली उचलल्या तर अर्धं आधीचं आणि अर्धं नंतरचं हाती येतं. आधी डंप, म्हणजे एकाच क्षणाची पूर्ण प्रत वेगळ्या फाइलमध्ये, काढायचा, मग तो उचलायचा.

आणि पेटी एकटी पुरत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला हिशोब आगीला आणि चोरालाही धरतो. नॅस या तिनांतली एक.

शेवटचा निकष दुकानात दिसत नाही. पेटीच मेली तर तिच्यातल्या डिस्क साध्या लिनक्स संगणकावर वाचता येतात का? सायनॉलॉजी कंपनीच्या पेट्या आतून लिनक्सचीच नेहमीची साधनं वापरतात, म्हणून त्यांच्या येतात. दुसरं काही घेत असाल तर आधी शोधा.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० गिगाबाइट, त्यांतले ४.५ उरले असताना त्याने हात आवरला. बॅकअप शोधायला गेले तर डंप होतच नव्हते, कारण ते काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नव्हती. आणि अपयश कळवणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर कंपनी उभी राहिली. नवी पेटी घरी आली की पहिल्याच रविवारी एक फोल्डर नॅसवरून परत आणून, उघडून बघा. डेटाबेसचा डंप असेल तर तो दुसऱ्या मशीनवर भरून एक तरी क्वेरी चालवा, म्हणजे त्याला काहीतरी विचारून उत्तर येतं का ते बघा.