भात सोडण्याआधी पाखाडी चढून पाहा

गणपतीला मुंबईहून आलेल्या माझ्या भाच्याने यंदा पहिले चार दिवस भाताला आणि उकडीच्या मोदकांना हात लावला नाही. वय 38, नुकत्याच केलेल्या तपासणीत रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली, आणि त्यावर उपाय म्हणून त्याने ‘पूर्वजांचा आहार’ धरलेला: धान्य नाही, कडधान्य नाही, दूध नाही, मासे, अंडी, मटण, भाज्या, फळे आणि सुकामेवा एवढेच. त्याची चिकाटी मला मनापासून आवडली. मात्र पूर्वजांच्या ताटाचा त्याने जेवढा विचार केला होता, तेवढा त्यांच्या पायांचा केला नव्हता, आणि साखरेच्या बाबतीत खरी मौज पायांतच आहे. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

या आहारामागचा विचार 1985 साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात मांडला. शेती साधारण 10,000 वर्षांची. शरीराची घडण मात्र त्याआधीच्या लाखो वर्षांत, शिकार करून आणि कंदमुळे वेचून जगताना झालेली. तेव्हा आजचे अनेक आजार या दोहोंतील विसंगतीतून आले असावेत, असा तो युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. पण कोकणात पूर्वज म्हणून नेमके कोणाला धरायचे? राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, ज्यांनी कातळशिल्पे कोरली त्यांनी शार्क, पाकट, हत्ती असे प्राणी दाखवले आहेत, शेतीचे दृश्य मात्र त्यांत आढळत नाही. त्यांच्यानंतर कित्येक पिढ्यांनी आलेली खोतांची कुळे भात पिकवत, परंतु तो भात खंड म्हणून खोताकडे जाई आणि घरात नाचणी-वरीवर भागवावे लागे. खोती रद्द करणारा कायदा 1949 साली झाला. म्हणजे ही गोष्ट आमच्या आजोबांच्या हयातीतली आहे. ज्या मिरचीशिवाय आमचे तिखले होत नाही ती मिरची, आणि भाचा मूठमूठ खात होता तो काजू, हे दोन्ही पोर्तुगिजांबरोबर अमेरिका खंडांकडून येथे आले. ‘पूर्वजांचे अन्न’ अशी एकच एक थाळी कधी नव्हतीच.

जे समान होते ते शरीराचे काम. माझी आते 76 वर्षांची आहे. आषाढात लावणीच्या दिवसांत ती सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा, एवढे खाऊन शेतात उतरते. तरव्याची (भाताच्या रोपांची) मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोचत उलट्या पावलांनी मागे सरकायचे. पोटरीपर्यंत रुतलेला पाय प्रत्येक पावलाला ओढून काढावा लागतो आणि तो निघताना चिखलाचा एक विशिष्ट आवाज होतो. त्या आवाजाच्या क्षणी तिच्या पोटरीत आणि मांडीत जे घडते ते जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर घटनांपैकी एक आहे, असे मी मानतो.

आधी थोडा हिशेब करू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम 5 ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. दोनशे ग्रॅम शिजलेल्या भातातून त्याच्या दहापटीहून अधिक साखर पोटातून रक्तात यायची असते. ती रक्तात साचून राहिली तर घातक ठरते, म्हणून लगेच कोठेतरी गेली पाहिजे. काही वाटा यकृत घेते. बाकीच्यासाठी शरीरातील सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. अडचण अशी की, स्नायूच्या पेशीचे आवरण स्निग्ध असते आणि ग्लुकोजचा कण त्यातून आपोआप आत शिरत नाही. त्यासाठी ‘ग्लूट-4’ नावाच्या प्रथिनाचे दार लागते. ही दारे एरवी आवरणावर नसतातच. ती पेशीच्या आत, सूक्ष्म पिशव्यांत घडी करून ठेवल्यासारखी असतात. जेवणानंतर इन्सुलिन पेशीच्या बाहेरून खुणावते, तो निरोप आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि शेवटी पिशव्या आवरणापर्यंत येऊन त्यात मिसळतात. मग साखर आत जाते. भाच्यासारख्यांच्या शरीरात हा निरोपच मध्ये अडखळतो: इन्सुलिन असते, दारेही असतात, पण दारे बाहेर येत नाहीत.

आता चिखलातला पाय पाहा. स्नायू आकुंचन पावताना पेशीतील कॅल्शियम मोकळे होते आणि एटीपी हे ऊर्जेचे चलन खर्च होऊन त्याचा एएमपी हा उरलेला भाग वाढतो. एएमपी वाढला की ‘एएमपीके’ हे विकर (एन्झाइम) जागे होते. पेशीतील ऊर्जेची तूट ओळखणे हेच त्याचे काम. पिशव्यांना एरवी आत रोखून धरणारी टीबीसी1डी1 आणि टीबीसी1डी4 अशी दोन भावंडे-प्रथिने आहेत. इन्सुलिनच्या निरोपसाखळीतील ‘एकेटी’ हे विकर त्यांना फॉस्फेट जोडून त्यांची पकड सैल करते, आणि आकुंचनाने जागे झालेले एएमपीकेही तेच करते, फक्त फॉस्फेट जोडण्याच्या जागा काही अंशी वेगळ्या. ही नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एका कडीला दोन दोऱ्या बांधलेल्या आहेत आणि त्यांतली दुसरी ओढायला इन्सुलिनची गरज पडत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. टाईप-2 मधुमेहात पहिली दोरी कमकुवत झालेली असली तरी दुसरी बरीचशी शाबूत असते. शिवाय काम थांबल्यावर काही तासांत आकुंचनाचा थेट परिणाम ओसरला तरी तोच स्नायू पुढे एक-दोन दिवस इन्सुलिनच्या निरोपाला अधिक तत्पर प्रतिसाद देतो, कारण त्याचा ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा रिकामा झालेला असतो आणि तो भरून काढायचा असतो. आतेची पेज म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पण ते ज्या शरीरात जाते तेथे दारे आधीच उघडी असतात.

पूर्वजांसारखे जगून फरक पडतो का, हे केरिन ओडे या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने 1984 साली दाखवले. मधुमेह असलेले 10 आदिवासी शहरी राहणी सोडून 7 आठवडे वायव्य ऑस्ट्रेलियातील आपल्या मुलखात शिकार, मासेमारी आणि कंदमुळे यांवर राहिले. त्यांचे वजन सरासरी 8 किलोंनी उतरले आणि उपाशीपोटीची साखर सरासरी 209 वरून 119 मिलिग्रॅमवर आली. हा प्रयोग आहारवाले नेहमी आपल्या बाजूने सांगतात. वजनातील घट, कमी चरबीचे जेवण आणि वाढलेली हालचाल ही तिन्ही कारणे ओडे यांनी एकत्र धरली होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

‘पूर्वी मधुमेह नव्हताच’ हे विधानही असेच बिनदिक्कत फिरत असते. चरक आणि सुश्रुत या दोघांच्या संहितांत मधुमेहाचे वर्णन आहे, आणि सुश्रुताने तर प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्ररोगांच्या) निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालायला किंवा विहीर खणायला सांगितले आहे. ज्या पूर्वीचे गोडवे गायले जातात त्या काळाचे वास्तवही विसरू नये: स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आणि ते इतके खाली ओढले गेले होते ते प्रामुख्याने बालमृत्यूंमुळे. पेजेने देवी आणि पटकी आटोक्यात आली नाही. ते काम लसीने आणि स्वच्छ पाण्याने केले.

याचा अर्थ ताट गौण आहे असा नाही. मैदा, साखर आणि तळलेली पाकिटे भाच्याने सोडली हे उत्तमच झाले. तारली आणि बांगडा यांतील ओमेगा-3 मेदाम्लांना तोड नाही. पण नाचणीत 100 ग्रॅममागे 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दूधही बंद केलेल्या माणसाने ती केवळ ‘धान्य’ म्हणून टाकावी हे मला अजिबात पटत नाही. कुळथाचेही तेच. भात उकडा घेतला तर कोंड्यातील थायामिन उकडताना दाण्यात उतरलेले असते आणि तांदूळ पॉलिश केल्यावरही बरेचसे टिकते. सुक्या मासळीतील मीठ मात्र घाम गाळणाऱ्या आतेला चालते. वातानुकूलित कार्यालयात रक्तदाबाची गोळी घेऊन बसणाऱ्याने ते जपूनच खावे.

पाचव्या दिवशी विसर्जन करून आल्यावर भाच्याने आतेच्या आग्रहाखातर वाटीभर भात आणि कुळथाची पिठी घेतली. मग आम्ही दोघे घरामागची पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, चढून सड्यापर्यंत गेलो आणि परत आलो, सगळी मिळून 20 मिनिटे. आदल्या रात्री मी तेवढाच भात खाऊन ओटीवर बसून राहिलो होतो आणि दीड तासाने बोटातून थेंब काढून माझी साखर मोजली होती. या रात्री भात खाऊन चालून आल्यावर ती पुन्हा मोजली, तर आकडा स्पष्टपणे खाली होता. एका माणसाच्या दोन रात्रींनी काही सिद्ध होत नाही, परंतु जेवणानंतर चालल्याने साखरेची उसळी कमी होते हे प्रयोगांतून वारंवार दिसलेले आहे. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र श्रम एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; दोन्ही दोऱ्या एकाच वेळी ओढल्या गेल्या तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

भाचा आता रात्रीच्या जेवणानंतर इमारतीचे नऊ मजले जिन्याने दोनदा चढतो आणि दुपारी वाटीभर उकडा भात खातो. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असल्यामुळे एचबीए1सी या तपासणीत मागील तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. तिचा अहवाल तो शिमग्याला येताना घेऊन येणार आहे.