पासथ्रू आणि पहारेकरी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. तो आतल्या प्रोग्रॅमपासून लपवायचा कशाला? गेममध्ये चीटिंगसाठी, असंच कुणालाही वाटेल. पण ही लपवाछपवी सुरू झाली ती ग्राफिक्स कार्डापायी.

लिनक्स वापरणाऱ्या गेमरला एका गेमसाठी संगणक बंद करून विंडोजमध्ये जायचा कंटाळा. २००७मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम लिनक्स कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, भाग झालं, लिनक्सच्या आत विंडोज चालू लागलं. गेम मात्र रडतखडत, कारण आतल्या विंडोजच्या वाट्याला खरं कार्ड येत नसे. २०१२च्या लिनक्स ३.६मध्ये व्हीएफआयओ आलं आणि अख्खं कार्डच आतल्या विंडोजच्या हवाली करता येऊ लागलं. हाच पासथ्रू. हौशी मंडळींनी दोन-दोन कार्डं बसवली: एक लिनक्सला, एक विंडोजला.

एनव्हिडियाच्या जीफोर्स या गेमिंग कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र व्हर्च्युअल मशीनचा वास आला की 'कोड ४३' हा एरर दाखवून बसकण मारायचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायची मुभा एनव्हिडियाच्याच महागड्या क्वाड्रो कार्डवाल्यांना. मग हायपरव्हायजरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ओळख झाकायच्या सेटिंग्ज लोकांनी शोधून काढल्या. स्वतःच्या पैशांनी घेतलेलं कार्ड चालावं, एवढाच त्यामागचा हेतू. मार्च २०२१मध्ये एनव्हिडियाने ही आडकाठी स्वतःहून काढली.

तोवर दारात दुसरा पहारेकरी आला होता. २०२०मध्ये व्हॅलोरंट या गेमबरोबर रायट या कंपनीने व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, आणलं. त्याचा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच कर्नलमध्ये जाऊन बसतो. व्हर्च्युअल मशीनवरचा अँटी-चीटवाल्यांचा राग अगदीच अनाठायी नाही: बाहेरचा हायपरव्हायजर आतल्या विंडोजची सगळी मेमरी वाचू शकतो आणि आतल्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. पहारेकरी घरात, चोर छपरावर.

नाव झाकलं तरी घड्याळ चुगली करतं. प्रोसेसरला त्याची ओळख विचारणारी सीपीयूआयडी ही सूचना खऱ्या प्रोसेसरवर चटकन उरकते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती आधी हायपरव्हायजरकडे जाऊन येते आणि तेवढा उशीर मोजता येतो. गंमत अशी, की विंडोज ११मधली व्हीबीएस ही सुरक्षा सोय चालू असली की साधं घरगुती विंडोजही हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्याच हायपरव्हायजरच्या डोक्यावर बसून चालतं. त्यामुळे हायपरव्हायजर आहे का, एवढं विचारून आता भागत नाही. तो कुणाचा, हे बघावं लागतं.

मे २०२४मध्ये रायटच्याच लीग ऑफ लेजंड्स या गेमलाही व्हॅनगार्ड लागलं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमधून खेळणारे बाहेर पडले, व्हर्च्युअल मशीनचा आडमार्गही बंद. अशांपुढे आता पुन्हा तेच: एका गेमसाठी लिनक्स बंद करा, विंडोज सुरू करा.